फ्रान्सचा राजा आणि आपला पँट पीस

लुधियानाची जानेवारीतली थंडी म्हणजे हाडं वाजवणारी, तिथं लोकरीचे स्वेटर बनणार आणि खपणार यात काही नवल नाही. पण 1984 साली तिथल्या ओसवाल वूलन मिल्सने स्वेटरचा ब्रँड काढला तेव्हा नाव ठेवलं मॉन्टे कार्लो. आता हे मॉन्टे कार्लो भूमध्य समुद्राच्या काठावर, कॅसिनो आणि कार रेसिंगसाठी प्रसिद्ध, भर हिवाळ्यातही तिथं बर्फ फारसा बघायला मिळत नाही. म्हणजे खरी कडाक्याची थंडी ज्या गावात आहे त्या गावाचं नाव स्वेटरला चाललं नसतं, आणि जिथं स्वेटर खांद्यावर टाकून फिरायचा त्या गावाचं चाललं. आणि आपण घेतलाच की. लुधियाना नाव असतं तर मीसुद्धा भाव करायला लागलो असतो.

याहून भारी गंमत लुई फिलिपची आहे. हा ब्रँड आपल्याकडे 1989 ला आला, आज आदित्य बिर्लावाल्यांचा आहे, आणि नाव फ्रान्सच्या राजाचं, 1830 ते 1848 या काळात गादीवर बसलेल्या लुई फिलिपचं. शर्टावर राजचिन्हासारखा छोटासा लोगो, सगळा थाट खानदानी. पण हा राजा होता कसा, तर मध्यमवर्गीय व्यापाऱ्यासारखा साधा कोट घालून हातात छत्री घेऊन पॅरिसच्या रस्त्याने फिरणारा, म्हणून लोक त्याला नागरिक राजा म्हणायचे, आणि व्यंगचित्रकार तर त्याचं डोकं पेरच्या फळासारखं काढायचे, इतकं की नुसतं पेर काढलं तरी लोकांना कळायचं कोणाबद्दल चाललंय. 1848 ला क्रांती झाली तेव्हा हा मिस्टर स्मिथ नाव सांगून इंग्लंडला पळाला. राजेशाही रुबाबासाठी फ्रान्सच्या इतक्या सगळ्या लुईंमधून आपल्या वाट्याला नेमका हाच यावा! पण शोरूममध्ये शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवताना इतिहास कोण काढतंय. नाव फ्रेंच आहे, कळतही नाही आणि जड वाटतं, बास.

याला फसवणूक म्हणायला मी काही तयार नाही. नव्वदच्या दशकात बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, एअरकंडिशन्ड ऑफिसं वाढली, पहिल्यांदाच पगार बऱ्यापैकी हातात यायला लागलेली पोरं इंटरव्ह्यूला निघाली, त्यांना आपण गावाकडून आलोय हे दिसू न देणारा शर्ट पाहिजे होता. व्हॅन ह्यूसेन, ॲलन सोली, पीटर इंग्लंड, ॲरो हे सगळे त्याच दशकात इथं स्थिरावले. पीटर इंग्लंड तर मूळचा 1889 चा, आयर्लंडमधल्या लंडनडेरीचा, आपल्याकडे 1997 ला आला तो ऑनेस्ट शर्ट म्हणून, म्हणजे किंमतही प्रामाणिक. शर्ट अंगात घातला की पाठ आपोआप सरळ होते हे मी स्वतः अनुभवलंय, आणि त्याचे चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तर गेले.

हा धंदा जुनाही आहे. अमेरिकेत ॲरोवाले आधी शर्ट नाही, सुट्या कॉलर विकायचे, वेगळी कॉलर शर्टाला लावायची तेव्हाची पद्धत. त्यांनी 1905 पासून लायंडेकर नावाच्या चित्रकाराकडून एक देखणा, ताठ मानेचा पुरुष काढून घेतला, त्याला ॲरो कॉलर मॅन म्हणायचे. त्या चित्रातल्या माणसाला बायकांची प्रेमपत्रं यायची, लग्नाच्या मागण्यासुद्धा. चित्राला! आणि विकायचं काय होतं, तर वीतभर कापडाची कॉलर.

यावरून माझी एक थिअरी तयार झालीय. कंपनी जाहिरातीत कपड्याबद्दल जितकी कमी बोलते तितका कपडा महाग.

रेमंडचंच घ्या. 1925 ची ठाण्याची मिल, म्हणजे आपल्याच दारातली. जाहिरातीत एक माणूस हळूच हसतोय, कुठं तान्ह्या बाळाला घेतोय, कुठं कुत्र्याच्या पिल्लांशी खेळतोय, मागे शुमान या जर्मन संगीतकाराची संथ धून, आणि शेवटी द कम्प्लीट मॅन. कापड आटत नाही, रंग जात नाही, इस्त्री टिकते, यातलं एक अक्षर नाही. तरी आमच्याकडे लग्नात जावयाच्या मानाच्या आहेरात रेमंडचा पीस आला की नाही हे सगळं घर बघायचं, आणि टेलरला बजावून सांगितलं जायचं की काठावरचं कंपनीचं नाव कापू नको, आत कुठंतरी राहू दे. आत कोण बघणार? तर घालणाऱ्याला माहीत असतं ना. ठाण्याची ती मिल कधीच बंद झाली, आता त्या जागेवर त्याच नावाने फ्लॅट विकले जातात, म्हणजे कम्प्लीट मॅनला घरही आलं. विमलचं मात्र तेवढं नशीब नाही, ओन्ली विमल म्हणून एका पिढीने सूट शिवले आणि आताच्या पोरांसमोर विमल म्हटलं की ती वेगळ्याच पुडीकडे बघतात.

उलट रफ अँड टफ. 1995 ला अरविंद मिल्सने जीन्सचं कापड कापून, चेन, बटणं, रिव्हेटं आणि मागे लावायचा लेबलचा तुकडा असं सगळं एका पाकिटात घालून विकायला काढलं, 195 रुपयाला, शिवायचं आपल्या गावातल्या टेलरकडून. जाहिरातीत अक्षय कुमार. कापड दणकट आहे हे नावातच सांगून टाकलेलं. मला हे डोकं फार आवडतं, कारण त्यांनी ओळखलं होतं की तालुक्याच्या गावातल्या पोराला जीन्सपेक्षाही तो मागचा लेबलचा पट्टा पाहिजे, आणि तो पट्टा त्यांनी सुटा पाकिटात दिला. टेलरने शिवण थोडी तिरकी मारली तरी चालायचं, पट्टा सरळ बसला पाहिजे.

आणि मग बनियन. इथं थिअरी अगदी फिट बसते. बनियन कोणाला दिसत नाही, त्यामुळे दाखवण्यातून येणारा रुबाब त्यात शून्य, मग काय करणार, तर तोच अक्षय कुमार पुढे डॉलरच्या जाहिरातीत फिट है बॉस म्हणतो, रूपावाले ये आराम का मामला है म्हणतात, गुंड हवेत उडतात, गाड्या उलटतात. कंपन्या दिसणाऱ्या शर्टासाठी हळू आवाजात बोलतात आणि न दिसणाऱ्या गंजीफ्राकसाठी बोंब मारतात. बायकांच्या कपड्यांचं यात काहीच आलं नाही हे कबूल, पण त्यावर लिहायला बायकोची परवानगी लागेल आणि ती मिळेलसं वाटत नाही.

थिअरी मोडली ती झुडिओने. टाटांच्या ट्रेंटने 2016 ला सुरू केलेलं हे दुकान, टीव्हीवर जाहिरात नाही, हिरो नाही, ऑनलाइन विक्री नाही, कपड्याबद्दल अक्षर बोलत नाही, आणि तरी स्वस्त, बहुतेक सगळं हजाराच्या आत. माझ्या हिशोबाने इतक्या गप्प कंपनीचा शर्ट पाच हजाराचा पाहिजे होता. रविवारी भाच्याबरोबर गेलो तर बिलाची लाइन दारापर्यंत आलेली, सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्या मागे पिशव्या धरून उभे आईबाप. भाच्याला म्हटलं अरे यांची जाहिरात कुठं बघितलीस तू? म्हणाला, मामा, जाहिरात कशाला पाहिजे. आणि ट्रायल रूममध्ये गेला, आरशासमोर तोंड अर्धं झाकून फोटो काढला, दुकानाचं नाव टाकून स्टेटसला लावला, शर्ट अजून घेतलेलाही नव्हता. आम्ही लाइनमध्ये उभे असतानाच त्याच्या चार मित्रांचे मेसेज आले, चौघांचाही एकच प्रश्न, कितीला आहे रे.