मेलबर्नच्या रांगा आणि आमची धाबी

अमळनेरला आमच्या जुन्या गल्लीत लहानपणी एक खेळ होता, पहिल्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, चढायचं ते डायरेक्ट गल्लीच्या टोकाला सातव्या घरातून उतरायचं, खाली रस्त्याला पाय लावायचा नाही. घरं सगळी एकमेकांना चिकटलेली, मधे सामाईक भिंत. भरदुपारी कोणाच्या डोक्यावर धपधप झालं की शिव्या ठरलेल्या.

मागच्या वर्षी मेलबर्नला भावाकडे गेलो, तो कार्लटनमधे राहतो (भाड्याने, विकत घ्यायचं नावच काढू नका), तिथल्या टेरेस घरांच्या रांगा बघून पहिलं हेच डोक्यात आलं की इथे वरून पळता येईल का. टेरेस म्हणजे गच्ची नाही बरं का, अशा चिकटलेल्या घरांच्या रांगेलाच ते टेरेस म्हणतात, मी येडा दोन दिवस गच्ची शोधत होतो.

तर नाही पळता येणार. दोन घरांमधली भिंत छपराशी थांबतच नाही, छपराच्या वर निघते, एका घराला आग लागली तर ती शेजारच्या छपराला पोचू नये म्हणून. पुढे बाल्कनीतही तीच भिंत बाहेर काढलेली, शेजारची बाई बाल्कनीत उभी असली तरी दिसणार नाही. आमच्याकडे असं असतं तर अर्ध्या गल्लीची भांडणं झालीच नसती, आणि एकदोन लग्नंही.

लोक फोटो काढतात ते बाल्कनीच्या जाळीचे. बिडाची, ओतीव, पण क्रोशाची झालर टांगल्यासारखी दिसते. आधी ती ब्रिटनहून जहाजाने यायची, मग तिथेच फाउंड्र्या निघाल्या. १८५१ ला व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सोनं सापडलं, पैसा आला, १८८० नंतर जमिनीला असे भाव चढले की लोक रांगाच्या रांगा बांधत सुटले, आणि १८९० च्या दशकात सगळं बसलं. माथ्यावरच्या कठड्यावर घराचं नाव, साल, वर कलश, एवढा थाट, आणि त्या कठड्यामागे बघितलं तर साधे नालीदार पत्रे!

मला खरं आवडली ती निकोल्सन स्ट्रीटवरची रॉयल टेरेस, १८५० च्या दशकातली, काळसर दगडाची. ब्लूस्टोन म्हणतात त्याला, पण आहे बेसॉल्टच, म्हणजे आपलाच काळा दगड, मी हात लावून बघितला.

घरांच्या मागे बोळ असतात त्याच दगडाचे. मैल्याची गाडी रात्री तिथून जायची, १८९७ पासून घरं गटारीला जोडायला लागले तेव्हा कुठे ते हळूहळू बंद झालं. आता तिथे कचऱ्याचे डबे.

व्हिडिओ कॉलवर आईला सगळं दाखवलं, जाळी, कलश, नक्षी. तिने सगळं नीट बघितलं, मग ते उतरतं छप्पर बघून म्हणाली, "मंग उन्हायामा त्या झोपतस कोठे?"