छायाचित्रावरील ओळी वाचता येईपर्यंत : माझा अनुभव

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी खानदेशातील स्थळांचा स्लाइड शो तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. लळिंगचा किल्ला, तोरणमाळचा यशवंत तलाव, पाटणादेवीचे मंदिर, सारंगखेड्याचा घोडेबाजार, रावेरकडच्या केळीच्या बागा अशी छायाचित्रे सदस्यांनी आनंदाने दिली, क्रमही एका बैठकीत ठरला. त्यानंतर प्रत्येक छायाचित्रावर दोन ओळींची माहिती घालण्यासाठी काम तालुक्याच्या गावातील एका स्टुडिओकडे गेले आणि तेथे जे अडकले, त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

तेथील ऑपरेटरने सगळ्या ओळी पिवळ्या रंगात, लाल कडा देऊन आणि एकेक शब्द घरंगळत येईल अशा बेताने बसवल्या होत्या. केळीच्या बागेच्या छायाचित्रात पानापानावर ऊन आणि सावली आलटून पालटून पडलेली असल्याने एकाच शब्दातील पहिले अक्षर दिसे आणि दुसरे नाहीसे होई. लळिंगच्या मागचे आभाळ मे महिन्यातले, म्हणजे आपल्याकडे असते तसे पांढरेफटक; त्यावर पिवळी अक्षरे असून नसल्यासारखी होती. तालमीला बसलेले एक आजोबा सरळ म्हणाले, ‘‘काय लिखेल शे ते दिखस नही.’’ ऑपरेटरचे उत्तर ठरलेले होते : ‘‘सर, लग्नाच्या व्हिडिओत हेच चालतं.’’ मी त्याला म्हटले, ‘‘भाऊ, लग्नात नवरानवरीची नावे सगळ्यांना आधीच पाठ असतात, तेथे वाचतो कोण?’’ तो हसला आणि त्याने कडा आणखी जाड केली.

जाड कडेने देवनागरीचे किती नुकसान होते, हे मोठ्या पडद्यावर पाहिल्याखेरीज कळत नाही. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या पोटातील मोकळी जागा भरून जाते, उकार व रफार कडेत बुडतात आणि काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षराला वेगळी कडा पडत असल्याने शिरोरेषा जागोजाग तुटलेली दिसते. पुढच्या खेपेस त्याने अक्षरांचा रंग बदलला, त्यानंतर सावली दिली. मात्र अक्षरांखालच्या जागेला हात लावायला तो तयार नव्हता. दोष अक्षरांच्या रंगात नसून त्यांच्या खालच्या छायाचित्रात आहे, कारण ते एका ठिकाणी उजळ व शेजारीच काळोखे असते, ही एवढीशी गोष्ट पटवण्यात माझ्या हेलपाट्यांचा मोठा भाग गेला.

शेवटी मी फाइल घरी आणली, अक्षरे पांढरी केली आणि ओळींखाली काळी अर्धपारदर्शक पट्टी घातली. येथे अंदाजाने चालू नये. वेबवरील मजकुरासाठी मान्य असलेल्या मानकानुसार अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ हवे; मोठ्या अक्षरांना ३ : १ चालते. निव्वळ पांढऱ्या आभाळावर पट्टीची पारदर्शकता ५० टक्के ठेवली, तर पांढऱ्या अक्षरांना जेमतेम ४ : १ मिळते, ४० टक्के ठेवली की ते सुमारे ५.७ होते आणि ३० टक्क्यांवर आठाच्या पुढे जाते. मी ३० टक्के ठेवली, कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. सभागृहात दिवे असतील तेवढा पडदा उजळलेलाच राहतो. संगणकावर झकास दिसणारी पट्टी तेथे करडी होते, म्हणून चाचणी त्याच सभागृहात, दिवे लावून आणि शेवटच्या रांगेत बसून घ्यावी.

पट्टीने छायाचित्र झाकले जाते, अशी तक्रार समितीतील एका काकांनी केली आणि ती रास्त होती. ज्या छायाचित्रांत खाली पाणी किंवा जमीन होती, तेथे पट्टीऐवजी खालून वर विरत जाणारी काळी छटा दिली. केळीच्या बागेला मात्र पट्टीच ठेवली. यशवंत तलावाच्या छायाचित्रावर ऑपरेटरने हळूहळू जवळ येणारी हालचाल दिली होती, त्यामुळे ओळ जागेवर राही आणि चकाकणारे पाणी तिच्याखाली सरकत येई. ती हालचाल मी काढून टाकली.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले : मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकित करावा. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील ओळी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मी मुक्ता हा फॉन्ट, ठळक पण सर्वांत जाड नव्हे असा, वापरला आणि दोन ओळींत नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवले, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ओळ पडद्यावर किती वेळ ठेवायची, हे ती सावकाश, मोठ्याने दोनदा वाचून ठरवले.

कार्यक्रमात मागच्या रांगेतील मंडळी ओळी मोठ्याने वाचत होती, याचे मला समाधान आहे. स्टुडिओच्या बिलात ‘टायटल डिझाइन’ म्हणून वेगळी रक्कम लावलेली होती. ती मी कापून घेतली.