अर्धा किलोचा ट्रिगर

गेल्या वर्षी शूटिंग रेंजवरच्या एका सीनियर दादाकडून स्टायर एलपी १० सेकंडहँड घेतलं. ४.५ मिमीचं एअर पिस्तूल आहे, त्यामुळे लायसन्सचं लचांड नाही, पण किंमत विचारू नका, तेवढ्यात स्कूटर आली असती आणि आईला अजूनही वाटतं की स्कूटरच घ्यायला हवी होती.

तिचंही बरोबर आहे म्हणा, पेटी उघडल्यावर डोळ्यात भरेल असं काही नाहीये. गंमत आहे ती ट्रिगरला बोट लावल्यावर. १० मीटरच्या मॅचला नियमाने ट्रिगर दाबायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, मॅचआधी पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवून चेक करतात, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी लटकवली समजा. बोट आधी अलगद मागे येतं, मग एक अडसर लागतो, आणि तिथून पुढे कधी सुटलं ते कळतच नाही, खरखर नाही की काही नाही. माझ्या जुन्या पिस्तुलाचा ट्रिगर म्हणजे गच्चीच्या दाराची गंजकी कडी होती. शिवाय याच्या आत एक छोटंसं वजन आहे, छर्रा सुटताना ते सरकतं आणि धक्का खाऊन टाकतं. समोर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी, शर्टाच्या बटणाएवढं. आता आठ लागला तर पिस्तुलाला शिव्या घालता येत नाहीत, हा एक तोटाच.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पण दादाच्या हाताच्या मापाची. दोन रविवार बाल्कनीत बसून कानशीने घासली, तळहाताशी पोकळी होती तिथे एम-सील भरलं, वर प्लास्टिक लावून ओलं असतानाच दाबून धरलं, मग पॉलिश पेपर. दिसायला भयाण झालीये, हे पिस्तूल बनतं त्या ऑस्ट्रियात कोणी बघितली तर रडेल. पण आता डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले की नळीच्या टोकावरची फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेच्या बरोब्बर मधोमध!

आमचं घर घोडबंदर रोडला, पावसाळ्यात इथे चपलांनाही बुरशी येते, म्हणून बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पेटीत टाकतो. 

रात्री जेवणं झाली की हॉलमध्ये पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, छर्रा नाही, नुसतं टिक्. काल आई ओट्यापाशी भांडी आवरता आवरता म्हणाली, "आज दर वेळी सारखाच वाजतोय रे."