साक्षीला तीन मिनिटं

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, वार्षिक मेळावा दिवाळी उलटून बाजरी खळ्यावरून घरात आली की लगेचच्या शनिवार-रविवारी असायचा. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं), जुन्या मिशन कंपाउंडातलं दगडी चर्च, मागे शाळेचा लांबडा हॉल आणि समोर चिंचेची झाडं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं शनिवारी दुपारपासून यायला लागायची, कुणी एसटीने, कुणी टेम्पोत उभं राहून, काखेत वळकटी, हातात पिशवी आणि पिशवीत पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी रविवारच्या लिलावासाठी. गेटातून आत आलं की "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" आणि मग लगेच "किती वाळलीस गं" हे ठरलेलं. हॉलमध्ये सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधे आम्ही पोरं आडवीतिडवी. शनिवारी रात्री वांगं-बटाट्याचा रस्सा, भात आणि लापशी, रविवारी मटण. रविवारी उपासनेत शेवटचं गीत चालू असतानाच रस्स्याचा वास खिडकीतून आत यायचा, तेव्हा उपदेश लांबवणाऱ्या पाहुण्या पाळकांबद्दल आमच्या मनात काय यायचं ते इथे लिहीत नाही.

पण मेळावा खरा शनिवारच्या रात्रीचा. आधी कीर्तन. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं, त्यामुळे पेटी, टाळ, ढोलकी आणि बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट पूर्वरंग-उत्तररंगासकट ऐकायची यात आम्हाला कधीच काही वेगळं वाटलं नाही, पुण्यात आल्यावर मैत्रिणींना सांगितलं तर त्याच चकित. कीर्तन संपलं की चहा, आणि चहानंतर साक्षी. पाळकसाहेब माईकवर येऊन सांगायचे, "साक्षीला तीन मिनिटं, फक्त तीन मिनिटं, प्रभूने केलेलं थोडक्यात सांगा." आणि कुणीही ऐकायचं नाही.

बाहेरच्यांसाठी सांगते, साक्ष म्हणजे उभं राहून आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याचा एक साचा होता, आणि तो आम्हा पोरांना गीतांसारखा पाठ होता. आधी अंधार, मग एक प्रसंग, मग उजेड. अंधारात शक्यतो दारू. प्रसंग म्हणजे अपघात, आजारपण नाहीतर कुणीतरी हातात दिलेला बायबलातला नवा करार. उजेडात नोकरी, नांदती बायको आणि "आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो फक्त त्याच्या कृपेने". एसटीत कंडक्टर असलेले एक काका दरवर्षी तीच साक्ष द्यायचे, तिकिटाचे पैसे प्यायले, सस्पेंड झाले, एका रात्री स्टँडवरच्या बाकड्यावर झोपले असताना कुणीतरी अंगावर चादर टाकली आणि सकाळी खिशात मार्काच्या शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक सापडलं. "चादर" शब्द आला की आम्ही मागच्या सतरंजीवर एकदम ओठ हलवायचो आणि आई लांबूनच डोळे मोठे करायची.

खूप नंतर मिशनचा इतिहास वाचताना कळलं की हा साचा काही आमच्या गावचा नव्हे. आमच्याकडे आलेलं मिशन अमेरिकन, १८१३ साली मुंबईला उतरलेलं, १८३१ला नगरला पोचलेलं, आणि ते पाठवणाऱ्यांत मुख्य होत्या ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्या. तिकडे सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या चर्चमध्ये सभासद व्हायचं तर नुसतं प्रामाणिक असून भागायचं नाही, आपलं मन कसं पालटलं ती हकीकत मंडळीपुढे उभं राहून सांगावी लागायची. म्हणजे आमचे काका चिंचेखालच्या हॉलात जे करत होते ते कुठल्या कुठून चालत आलेलं!

आमची अडचण वेगळी होती. आम्ही जन्मापासून ख्रिस्ती, आमचे आईबाप जन्मापासून ख्रिस्ती, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, वचनं पाठ करून स्टीलचे डबे बक्षीस मिळवलेले, आमच्याकडे सांगायला अंधारच नव्हता. तरुण संघात गेल्यावर तुम्हीही साक्ष द्या असा आग्रह सुरू झाला तेव्हा आमच्यातल्या एकाने सरळ बिड्यांचं व्यसन तयार केलं. तिसऱ्या वाक्याला त्याची आई बायकांच्या बाजूने उठून उभी राहिली, "कधी रे प्यायलास बिड्या?" हॉल खाली पडायचा बाकी राहिला. पाळकसाहेबसुद्धा माईकपासून तोंड वळवून हसत होते.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या शब्बाथ शाळेच्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं. त्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना कोरडं शिकवणं जमायचंच नाही. त्यांनी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडायला लावलं, नववा अध्याय, बाविसावा आणि सव्विसावा. तिन्हीकडे पौलाचीच गोष्ट, ख्रिस्ती लोकांना छळणारा पौल कसा पालटला ती, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा प्रकाश. नवव्यात पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, बाविसाव्यात यरुशलेमच्या चिडलेल्या जमावापुढे पौल स्वतः सांगतो, सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे परत सांगतो, आणि तिन्ही वेळा गोष्ट थोडी थोडी बदलते. नवव्यात सोबतच्यांना आवाज ऐकू येतो पण दिसत कुणी नाही, बाविसाव्यात पौल सांगतो की त्यांना प्रकाश दिसला, आवाज काही ऐकू आला नाही, आणि राजापुढे सांगताना तर बैलाच्या पराणीला लाथ मारण्याचं बोलणं मधे येतं. बाई म्हणाल्या, बघा, एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा स्वतःची गोष्ट एकदा सांगून संपली नाही, समोर कोण बसलंय ते बघून परत सांगावी लागली. मग पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र काढलं, पहिला अध्याय, तिथे पौल म्हणतो की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. "याला कुठे आहे प्रकाश? याच्याकडे आजी आहे. तुमच्याकडे पण आहे ना?"

माझी आजी तेव्हा हॉलच्या स्वयंपाकात असायची, साक्षीच्या वेळेला कधीच बाहेर यायची नाही. तिच्या मते साक्ष देणं हे भांडी न घासणाऱ्यांचं काम.

ज्या साक्षीसाठी मी हे लिहायला घेतलंय ती शेवगावकडच्या एका म्हाताऱ्या आजींची. नववारी, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस, हातात माईक दिला तर तो त्यांनी पळीसारखा आडवा धरला. त्यांनी अंधारापासून सुरुवात केलीच नाही. म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते." आणि मग खडीचंच सांगत बसल्या. हातोडीने दगड कुठे मारला की सरळ फुटतो, बोटाला चिंध्या कशा गुंडाळायच्या, सुकडी कशी वाटायचे, तांबडी मिलो ज्वारी किती शिजवली तरी नरडं सोलून काढायची. मोठ्याला सावलीत ठेवायचं तर सावली कुठे, म्हणून लुगड्याचं टोक दोन पहारींना बांधून त्याखाली निजवायचं. तीन मिनिटं कधीच उलटली होती. पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

मग त्या म्हणाल्या की त्यांच्या आजेसासूने सांगितलेलं त्यांना खडी फोडताना रोज आठवायचं. आजेसासू पोर होती तेव्हा असाच दुष्काळ पडला होता, महारवाड्यातली चार घरं मिशनकडे गेली, गावाने म्हटलं पोटासाठी बाटले. "आता पोटासाठी गेले का देवासाठी, ते त्यांनाच ठावं," आजी म्हणाल्या, "पर पोट बी देवानंच दिलंया की." बायकांच्या बाजूने हसू फुटलं. पुढचं मात्र कुणाला हसायला लावणारं नव्हतं. ख्रिस्ती झाल्यावरही पाणवठा बदलला नाही, विहिरीवर वरून ओंजळीत पाणी घालायचे ते घालतच राहिले, आणि चर्चमध्येही काही वर्षं कोण कुठे बसतं ते सगळ्यांना माहीत होतं. हे माईकवर कुणी बोलत नसे. साच्यात त्याला जागाच नव्हती, कारण बाप्तिस्मा झाला की अंधार संपला असं आम्ही सांगत होतो. शिवाय सरकारी कागदावर तर जात संपलेलीच, १९५०च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत, पुढे १९५६ला शिखांना आणि १९९०ला बौद्धांना त्यात घेतलं, आम्ही बाहेरच. म्हणजे कागद म्हणतो संपली, साक्ष म्हणते संपली, आणि विहिरीवर बघावं तर तीच.

शेवटी त्या मोठ्या मुलावर आल्या, तोच पहारींच्या सावलीतला. तो भांडून मुंबईला गेला तो आलाच नाही, पत्र नाही, फोन नाही. "मी रोज विचारते त्याला, माझा पोरगा कुठंय. अजून काही बोलला नाही. पर मी बी सोडत नाही." आणि माईक पाळकसाहेबांच्या हातात देऊन खाली बसल्या.

आमेन कुठे म्हणायचं कुणाला कळेना. उजेड आलाच नव्हता ना. पेटीवाल्याने गीताचा सूर धरला तो पण चुकीचा, मग त्याने परत धरला.

मला त्या रात्री जे वाटलं ते नीट समजायला लक्ष्मीबाई टिळक वाचाव्या लागल्या. नगरच्या ख्रिस्ती घरात टिळकांचं नाव घरातल्यासारखं घेतात. नारायण वामन टिळकांची गोष्ट साच्यात अगदी फिट बसते, १८९३ला रेल्वेत एक गोरा भेटतो, नवा करार देतो, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील म्हणतो, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. पण लक्ष्मीबाईंची गोष्ट कुठल्याच साच्यात बसत नाही. नवरा ख्रिस्ती झाला, या माहेरच्यांकडे पंढरपूरला, रडणं, सोवळं, रागावणं, मग नवऱ्याकडे येऊनसुद्धा वेगळी चूल, आणि हळूहळू, कधी हसत कधी भांडत, १९००च्या सुमाराला त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने यायला लागली, आणि त्यात देव शोधायला बसलात तर तो विसरभोळ्या नवऱ्याच्या फजितीत आणि घरात आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत सापडतो, उपदेश करायला कुठे वेगळा उभा राहत नाही. त्यांना कुणी तीन मिनिटं दिली असती तर काय राहिलं असतं? माझं स्पष्ट मत आहे की मराठीत दिलेली सगळ्यात मोठी साक्ष तीच, आणि तिच्यात साक्ष दिल्याचा आव अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी कापणीची उपासना असायची. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचायचे, आणि तो मला आता जास्त आवडतो. पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपाशी यायचं आणि नुसती ठेवायची नाही, गोष्ट सांगायची. माझा पूर्वज भटका अरामी होता, थोड्या माणसांनिशी मिसरात (इजिप्तमध्ये) गेला, तिथे आम्हाला गांजलं, आम्ही हाक मारली, त्याने ऐकलं, आणि हे बघ या जमिनीचं पहिलं पीक. सुरुवातीला "माझा", मग लगेच "आम्ही". टोपली आणणाऱ्याने मिसर देश डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तरी तो "आम्हाला" म्हणतो. शेवगावच्या आजी आजेसासूबद्दल बोलताना हेच करत होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं.

मग लिलाव. वांगी, गवार, बाजरीची पायली, अंडी, कोंबड्या. लिलाव बोलणारे एक मामा होते, त्यांचा आवाज चिंचेवरच्या कावळ्यांना उठवायचा. एक अंडं घ्यायचे, बोली लावायचे, घेणारा ते परत दान द्यायचा, परत बोली, असं तेच अंडं चारपाच घरं फिरून चर्चच्या पत्र्याचे पैसे जमवायचं. एका वर्षी चौथ्या फेरीत कुणाच्या तरी हातातून पडलं तर मामा म्हणाले, "फुटलेल्याची बोली पन्नास!" आणि कुणीतरी दिलेसुद्धा.

मेळावा अजून होतो. मी आता पिंपरीत असते, जमेल तेव्हा जाते. हॉलमध्ये प्रोजेक्टर आलाय, गीतं स्क्रीनवर येतात, त्यामुळे मान खाली घालून पुस्तकात बघायची सवय गेली आणि आवाज मोठा झाला, हे मात्र चांगलं झालं. साक्षीला आता खरोखर तीन मिनिटं मिळतात, स्क्रीनवर आकडे उलटे पळतात, आणि माणसं शेवटच्या दहा सेकंदांत घाईघाईने वाचतात. तरुण संघाची पोरं त्याचे छोटे व्हिडिओ करून ग्रुपवर टाकतात, खाली हात जोडलेले इमोजी. सगळ्या साक्षी नीट झाल्यात, स्वच्छ, आणि मला त्यातली एकही आठवत नाही.

शेवगावच्या आजींची साक्ष कुणी रेकॉर्ड केली नव्हती, टेपरेकॉर्डर फक्त कीर्तनासाठी काढायचे. त्या गेल्या. मुलगा आला का, कुणाला माहीत नाही.

हे मी तरुण संघाच्या मुलीला बोलले तर तिने गेल्या वर्षी रविवारी जेवणानंतर चिंचेखाली खुर्च्या टाकल्या आणि म्हाताऱ्यांना एकेक करून मोबाईलसमोर बसवलं, वेळेचं बंधन नाही. पहिले बसले ते कंडक्टर काका. चादर आली, पुस्तक आलं, आम्ही मनात म्हटलं चला आता कृपेने. तर काका म्हणाले, "त्यानंतर परत दोनदा सुरू झाली होती. माईकवर कधी बोललो नाही, पोरांची लग्नं व्हायची होती." आणि मग शेवगाव-गेवराई रूटचा एक ड्रायव्हर, जो ख्रिस्ती नव्हता, रोज ड्युटी संपल्यावर यांना घराच्या दारापर्यंत सोडून जायचा, दोन वर्षं, त्याचं सांगायला लागले. कुठल्या फाट्यावर गाडी थांबायची, चहा कुणाकडे, पावसाळ्यात कुठला पूल पाण्याखाली जायचा. सव्वा तास झाला.

मुलीने विचारलं, एवढं रूटचं कट करू का, ग्रुपवर जाणार नाही एवढी मोठी फाइल. काकू शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "एक शब्द कापायचा नाही. आणि त्या ड्रायव्हरच्या पोरालाबी पाठव."