नाळेतली मंडळी आधी मागे घ्या

एप्रिलमधली दुपार. पणजीहून एक 30 फुटी बोरायडर, म्हणजे पुढच्या उघड्या भागात बसायची सोय असलेली बोट, ट्रायलला काढली होती. घेणारे साहेब कोल्हापूरचे. सोबत वहिनी, मुलं, भाऊ-भावजय. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट घालूनच मी दोर सोडला.

या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उघडी. दोन्ही बाजूंना गाद्या, मधून चालायला वाट, काचेत दार. मुलं पळत जाऊन तिथेच बसली. संथ नदीत त्या जागेसारखी बैठक दुसरी नाही, हे मी मनापासून सांगतो.

मागे बाहेरून बसवलेली 300 अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिनं. थ्रॉटल दिला की नाळ वर उठते, क्षणभर समोरचं पाणीच दिसत नाही, मग बोट पाण्यावर चढते आणि नाळ खाली येते. साहेबांचा हात ट्रिमच्या, म्हणजे इंजिनांचा कोन बदलायच्या, बटणावर ठेवून इंजिनं किंचित बाहेर काढायला लावली. पाण्याचा फवारा नाळेपासून सरकत काचेच्या मागे गेला, स्टीअरिंग हलकं झालं, थ्रॉटल न हलवता वेग वाढला. "अरे वा, सुटलीच की!" साहेब खूश.

रेईश मागूश किल्ल्याच्या पुढे मात्र मी वेग कमी केला. मांडवीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे. ओहोटी लागलेली, समोरून वायव्येचा वारा. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा उथळ जागी भिडल्या की लाटा आखूड होतात, उभ्या राहतात.

"साहेब, नाळेतली मंडळी मागे घ्या."

"अहो, तिथे बसता यावं म्हणून तर ही बोट घेतोय!"

"नदीत खुशाल बसा. इथे नाही."

साहेबांना ते आवडलं नाही, पण वहिनींनी मुलांना उठवलं. मी काचेचं दार आणि त्याखालचं छोटं दारही लावलं.

पहिली लाट बोटीने कापली. खोल व्ही आकाराचा तळ अशा वेळी पैसे वसूल करतो, आदळआपट कमी होते. पण तिच्या पाठोपाठची लाट अगदी जवळ होती. नाळ पहिलीवरून उतरते तोच दुसरी आत आली. मुलं बसली होती त्या गाद्या पाण्याखाली गेल्या. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोच्या वर भरतं. त्यात लेकरं असती तर? अशा वेळी घाबरून थ्रॉटल एकदम मागे ओढला तर नाळ आणखी बसते, म्हणून तो तसाच धरून ठेवला. नाळ उठली, पाणी दारांशी अडलं आणि निचऱ्याच्या भोकांतून निघून गेलं. दोन लाटांमधली जागा बघून बोट वळवली.

परतताना साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती निचऱ्याची भोकं कुठे आहेत, दाखवा."

बोट त्यांनी घेतली. ताब्यात देताना ती भोकं त्यांच्याच हाताने साफ करून घेतली, तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट उचलून पंप चालू होतो का ते बघायला लावलं, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं तेही शिकवलं.