कायनाइटची पट्टी: दाभण, काटा आणि कुपवाडची भट्टी

मंडळी, कायनाइट या खनिजाच्या पट्टीवरच्या चाचण्या एकदाच्या उरकल्या. तुकडा भंडाऱ्याकडचा, संग्राहक मित्राकडून स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाच्या बदल्यात आलेला. बोटाएवढा लांब, चपटा, मधोमध गडद निळा आणि कडांकडे फिकट होत जवळजवळ पांढरा. निळाई येते ती लोह आणि टायटॅनियमच्या अंशामुळे. शुद्ध ॲल्युमिनियम सिलिकेटला स्वतःचा रंग नसतो. याच्या कपच्या फार पटकन सुटतात, त्यामुळे कापसात गुंडाळूनच ठेवतोय. तुमच्याकडे असेल तर डब्यात मोकळा टाकू नका.

आधी कडकपणा. गोणपाट शिवायचं जाड दाभण घेतलं आणि सपाट अंगावर लांबीच्या दिशेने दाबून ओढलं. पांढरी बारीक रेघ उठली, वर चिमूटभर भुकटी. भिंगातून पाहिलं तर खरोखरची चर पडलेली. मग त्याच अंगावर, त्याच दाभणाने आडवं ओढलं. रेघ दिसली, पण करडी आणि चकाकणारी. ओला अंगठा फिरवला तशी पुसली गेली. म्हणजे दगड खरवडलाच नव्हता, उलट दाभणाचं पोलाद झिजून त्याच्यावर बसलं होतं. मोहच्या मापात (खनिजांच्या कडकपणाचं १ ते १० माप) लांबीच्या दिशेने ४.५ ते ५.५ आणि आडव्या दिशेने ६.५ ते ७, असं पुस्तकात वाचून सोडून दिलेलं असतं. एकाच अंगावर दोन्ही रेघा शेजारी शेजारी बघण्याची मजा वेगळी. गारगोटीच्या टोकाने मात्र दोन्हीकडे ओरखडा उठतो.

कारण आतल्या रचनेत आहे. सहा ऑक्सिजनांनी घेरलेल्या ॲल्युमिनियमच्या साखळ्या स्फटिकाच्या लांबीला धरून जातात. कळक उभा चिरताना कोयता सहज उतरतो, आडवा तोडताना हात भरून येतो, तसंच इथे. लांबीने ओढलं की टोक दोन साखळ्यांच्या मधून वाट काढतं, आडवं ओढलं की साखळ्याच तोडाव्या लागतात.

घनतेसाठी सराफी पद्धतीचा छोटा डिजिटल काटा वापरला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, दगड दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काटा दाखवतो ते दगडाने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन ७२.४ ग्रॅम, पाण्यात आकडा २०.१, भागाकार ३.६०. कायनाइटची घनता ३.५३ ते ३.६७ असते, तेव्हा शंका उरली नाही. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी ब्रशने काढा, नाहीतर उत्तर उगाच कमी येतं.

हा आकडा महत्त्वाचा, कारण याच सूत्राची, Al₂SiO₅ ची, आणखी दोन खनिजं आहेत. अँडालुसाइट ३.१५ च्या आसपास, सिलिमनाइट ३.२५ च्या आसपास. घटक तेच, प्रमाण तेच, रचना निराळी. तिघांतही निम्म्या ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात. फरक उरलेल्या निम्म्यात: कायनाइटमध्ये सहा, अँडालुसाइटमध्ये पाच, सिलिमनाइटमध्ये चार. दाब वाढला की अणू जास्त दाटीने बसतात, म्हणून कायनाइट सगळ्यांत जड.

तिघांचाही कच्चा माल बहुतेक वेळा चिकणमातीचा गाळ. तो खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला की जुनी खनिजं मोडून ही तयार होतात. दाब जास्त असेल तर कायनाइट. दाब कमी आणि शेजारी ग्रॅनाइटचा तप्त रस घुसलेला असेल तर अँडालुसाइट. तापमान फार चढलं तर सिलिमनाइट. तिघांच्या सीमा साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि जवळपास ४ किलोबार दाबाला एकत्र येतात, म्हणजे सुमारे १४-१५ किलोमीटर खोलीला. जॉर्ज बॅरोने १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत कायनाइट, सिलिमनाइट अशा खनिजांवरून खडकांचे पट्टे आखले. कायनाइटच्या पट्ट्यापुढे जास्त तापलेला सिलिमनाइटचा पट्टा येतो. मात्र एका खनिजाचं दुसरं व्हायला फार वेळ आणि उष्णता लागते. त्यामुळे काही खडकांत दोन, क्वचित तिन्ही एकत्र सापडतात.

आता नेहमीचा प्रश्न: आपल्या सांगलीत कायनाइट का सापडत नाही? आपल्या पायाखाली लाव्हा थिजून झालेला काळा कातळ आहे. तो वरच पसरला, वरच थंड झाला. इतका दाब त्याच्या वाट्याला आलाच नाही. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन आहेत, पण कातळाच्या पोकळ्यांतून कोमट-गरम पाणी फिरलं आणि त्यांचे झिओलाइट झाले, पाणी पोटात धरून बसलेले. कोयनेजवळ रासाटीला १५२२ मीटर खोल विंधणविहीर घेतली, तेव्हा ९३२ मीटरवर कातळ संपून जुना ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे दाब-उष्णतेने बदललेला पट्टेदार खडक) लागला. तेवढं खणायची आपली ऐपत नाही, म्हणून अदलाबदलच बरी.

तरी कायनाइटचा एक धागा इथे आहेच. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओळखीने गेलो होतो, भट्टीचं अस्तर काढायचं काम चालू होतं. उच्च ॲल्युमिना विटेचा फुटका तुकडा मागून घेतला. आतल्या बाजूला काचेसारखी काळपट मळी, मागची बाजू पिवळट आणि खडबडीत. अशा विटेचं बळ म्हणजे म्युलाइट. कायनाइट साधारण १३०० अंशांच्या पुढे तापवलं की ते मोडून म्युलाइट आणि सिलिका होतं, आणि म्युलाइट १८०० अंशांच्या पुढेपर्यंत वितळत नाही. गंमत अशी की या बदलात कायनाइट १६ ते १८ टक्के फुगतं. वीट करायची तर ते आधी भाजून घ्यावं लागतं, नाहीतर वीट भट्टीतच तडकेल. उलट थापायच्या अस्तरात ते मुद्दाम कच्चं मिसळतात; माती आकसते तेव्हा हे फुगून ती तूट भरून काढतं. अँडालुसाइट तितक्या घट्ट बांधणीचं नसल्यामुळे भाजताना फार कमी फुगतं, म्हणून ते न भाजताच विटेत चालतं. खनिजांचे दोष-गुण मला पुस्तकापेक्षा त्या अस्तरवाल्या मिस्त्रींकडून जास्त नीट कळले.

अँडालुसाइटची एक चकती आहे, काळा क्रूस असलेली. स्फटिक वाढताना कार्बनचे कण कोपऱ्यांकडे ढकलले जातात त्याची ती खूण. पॉलिश अर्धीच झालीय; तिचा घनतेचा आकडा मिसळीमुळे भरवशाचा येणार नाही, म्हणून काढला नाही.

सिलिमनाइट अजून हाती नाही. कुणाकडे धागेदार, मूळ खडकासकट असलेला तुकडा असेल तर कळवा. बदल्यात जोडस्फटिकाचा स्टिल्बाइट देईन, टोकं शाबूत असलेला.