अंगणातच बदलला गाडीचा लोअर आर्म

पावसाळा सरत आला तशी आमच्या वॅगनआरच्या पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू यायला लागली. वेगात असताना काही नाही, पण गतिरोधकावरून सावकाश उतरताना, स्टिअरिंग थोडं वळवलेलं असताना, 'टक्' असा कोरडा आवाज. एका गॅरेजवाल्यानं चाकाला हातही न लावता दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलं. मी गाडी तशीच घरी आणली.

माझे सासरे, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नाही, पण कान अजून तयार आहेत. "सूनबाई, आधी खेळ, म्हणजे ढिलेपणा, कुठे आहे ते बघ. सामान नंतर आणू," म्हणाले.

अंगणातली माती मऊ होती, म्हणून जॅकखाली जाड फळी ठेवली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगडाची अटक लावली आणि पुढचं डावं चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर स्पष्ट खेळ जाणवला. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर काहीच नाही, म्हणजे टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारी दांडी) ठीक होता. पण वर-खालचा खेळ बेअरिंगचाही असू शकतो. त्यासाठी अण्णांनी माझ्या मुलाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक लागला की डिस्क आणि नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) एकमेकांना जखडतात, त्यामुळे बेअरिंगचा खेळ तेवढ्यापुरता नाहीसा होतो. आमचा गेला नाही. मग टायरखाली पहार घालून हळूच वर दाब दिला आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. लोअर आर्म (चाकाला खालून चेसिसशी जोडणारा हात) जागेवर, नकल मात्र वर सरकत होता. या दोघांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटचं रबरी बूट (आवरण) एका बाजूनं फाटलं होतं आणि कडेला ग्रीसऐवजी तांबूस चिखल होता.

ही खडखड सहन करत गाडी चालवू नये. खेळ वाढत जाऊन बॉल खोबणीतून निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग राहत नाही. मी त्या दिवसापासून गाडी बाहेर काढली नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, नुसता जॉइंट प्रेसवर बसवून घ्या, स्वस्तात होईल." कोकणात पुष्कळजण तसंच करतात. पण आमचा आर्म चेसिसला जिथे जोडतो तिथल्या रबरी बुशांनाही चिरा गेल्या होत्या, आणि जुन्या आर्ममध्ये नवा जॉइंट किती घट्ट बसेल हे प्रेसवाल्याच्या हातावर अवलंबून. बॉल जॉइंट आणि बुश बसवलेला पूर्ण आर्म मिळत असताना इथे पैसे वाचवणं मला पटलं नाही. सोबत नवे बोल्ट आणि लॉकनटही घेतले.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर तारेचा ब्रश मारून गंज सुटायचं तेल फवारलं. सकाळी चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, गाडी उचलली, जॅक स्टँड लावला आणि काढलेलं चाक दाराखालच्या कडेला आडवं सारलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, यावर अण्णांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा.

कस लागतो तो एकाच बोल्टपाशी. बॉलची दांडी नकलमधल्या चिरेच्या क्लॅम्पमध्ये बसते आणि हा बोल्ट दांडीवरच्या खाचेतून आडवा जातो. म्हणून तो सैल करून भागत नाही, पुरता बाहेर काढावा लागतो. आमचा गंजून बसला होता. लांब दांड्याला गोटी (सॉकेट) लावून थोडा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, तेल मारायचं, पुन्हा सोडवायचा. एकदम जोर केला तर डोकं तुटतं. तो करकरत सुटला तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले. मग चिरेत छिन्नीचं टोक हलकेच ठोकून क्लॅम्प जरासा उघडला आणि पहारेनं आर्म खाली दाबताच दांडी सुटली. या वेळी नकल बाहेर लटकू द्यायचा नाही, एक्सलचा आतला जॉइंट ताणाखाली निखळू शकतो. मी तो सुतळीनं स्प्रिंगला बांधून ठेवला.

चेसिसकडचे बोल्ट सहज निघाले. नवा आर्म बसवताना दांडी क्लॅम्पमध्ये पूर्ण वर गेली की नाही हे बोल्टच सांगतो. खाच समोर आली तर तो बोटांनी आत जातो, अडला तर ठोकायचं नाही, दांडी आणखी वर सरकवायची.

बुशांचे बोल्ट मात्र चाक लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नसतात. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबत्या आर्मवर आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आम्ही आर्मखाली दुसरा जॅक लावला, बूट चेपणार नाही अशा बेतानं, गाडीचा भार त्यावर येईपर्यंत आर्म वर घेतला आणि मगच टॉर्क पाना (किती जोरानं आवळायचं ते ठरवता येणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून आवळलं. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते.

जुना जॉइंट मी ग्राइंडरनं कापायला लावला. आत प्लॅस्टिकची वाटी एका बाजूनं कागदासारखी पातळ झालेली, आणि गुळगुळीत असायला हवा त्या पोलादी बॉलवर गंजाचे खड्डे. बूट फाटल्यावर पावसाचं पाणी आणि बारीक वाळू आत शिरत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी हळूहळू अलाइनमेंटला गाडी नेली. टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर तिरपेपणा, बाहेर गेलेला होता, तो जुळवून घेतला. गतिरोधकावरचा आवाज गेला, स्टिअरिंग हलकं झालं. उजव्या बाजूचं बूट अजून शाबूत आहे, बुश मात्र कडक झालेत. तो आर्मही दिवाळीच्या सुट्टीत बदलायचं ठरवलंय.